केझुरोकाई : तीन मायक्रॉनच्या सालपटासाठी भरणारा मेळावा

ऐचीचा_पाव्हणा

मंडळी, मागे दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की जपानला जाणार आहे, देवळं-बिवळं सगळे बघतात, सुतारकाम प्रत्यक्ष चालू असलेलं कुठे बघायला मिळेल. तिथे उत्तर टाकायला बसलो आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं वेगळा धागाच काढावा.

तर जपानमध्ये केझुरोकाई नावाचा प्रकार आहे. साध्या भाषेत सांगायचं तर "चला रंधा मारू" मंडळ. १९९७ साली थोड्या हौशी आणि थोड्या पोटासाठी रंधा मारणाऱ्या लोकांनी सुरू केलेलं. दरवर्षी वेगळ्या गावात एक मोठं संमेलन होतं, शिवाय गावोगावी छोटे गट आहेत ते आपापले जमत असतात. मोठं संमेलन बहुतेक वेळा एखाद्या स्टेडियममध्ये नाहीतर मोठ्या हॉलमध्ये. आत शिरलं की आधी वास येतो, हिनोकी लाकडाचा. मग दिसतात ओळीने मांडलेले लांब लांब वासे, प्रत्येकापाशी दोन-चार माणसं, आणि बाजूला पाण्याच्या बादल्या घेऊन उकिडवे बसलेले, दगडावर पातं घासणारे म्हातारे. म्हातारेच असं नाही, कॉलेजची पोरं असतात, बायका असतात, टेक्निकल शाळेच्या टीमा येतात, माझ्यासारखे कॉम्प्युटरवर पोट भरणारे पण असतात.

स्पर्धा काय, तर हाताच्या रंध्याने वाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग सालपट काढायचं, न फाटता, आणि ते जास्तीत जास्त पातळ पाहिजे. मग परीक्षक मायक्रोमीटर घेऊन त्याची जाडी ठिकठिकाणी मोजतात. वरच्या नंबरातले लोक तीन-चार मायक्रॉनपर्यंत जातात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ढोबळमानाने ५० ते ८० मायक्रॉन असतो, म्हणजे बघा. ते सालपट कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं असतं, त्याखाली वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता येते.

मी ज्या आजोबांच्या मागे उभा होतो ते काय करत होते ते सांगतो. जपानी रंधा म्हणजे कान्ना, त्याला स्क्रू नाही, नॉब नाही, काही नाही. पांढऱ्या ओकचा एक ठोकळा आणि त्यात ठोकून बसवलेलं जाड पातं, बस्. आजोबांनी रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरला, तळावरून नजर लावून पात्याची किती कड बाहेर आलीय ते बघितलं. छोट्या हातोडीने पात्याच्या डोक्यावर टिक् केलं, परत बघितलं. जास्त झालं वाटतं, तर ठोकळ्याच्या मागच्या कडेवर टिक् टिक्, म्हणजे पातं केसभर मागे. हे बराच वेळ चाललं, आजूबाजूला कुणालाही घाई नाही. मग रंधा वाशावर ठेवला आणि हाताने न ओढता अख्खं अंग मागे घेत चालत गेले, एका चालीत, कुठेही न थांबता. रंध्याच्या वरच्या फटीतून सालपट वर येत होतं, आवाज जवळजवळ नाहीच. मोजून झालं, आकडा ऐकला, हम्म केलं आणि ते सालपट पायाशी टाकून परत दगडाकडे गेले.

पण मला जे सांगायचंय ते आकड्याबद्दल नाहीये. मी त्यांना माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत विचारलं की शेवटचा दगड कुठला वापरता, तर त्यांनी पातं काढून माझ्या हातात दिलं, दगड दाखवला, बोटं कुठे दाबायची ते माझी बोटं धरून दाखवलं. शेजारच्या टेबलवर त्यांचा प्रतिस्पर्धी, तो पण येऊन सांगायला लागला की नाही नाही मी असं करतो. जपानच्या जुन्या पद्धतीत गुरू काही समजावून सांगत नसे, बघून चोरायचं, वर्षानुवर्षं झाडलोट आणि धार लावणं एवढंच. आणि त्याच देशात हे लोक हॉलभर पब्लिकसमोर आपली अख्खी कला मांडून बसतात. सालपटाची स्पर्धा हे निमित्त आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, मी सुतार नाही, हौशी आहे, जमेल तेवढं सांगतो.

इरसाल_काकू

वा! वाचूनच वास आला. पण मला पडलेला बाळबोध प्रश्न, एवढ्या कष्टाने काढलेल्या सालपटाचं पुढे करतात काय?

ऐचीचा_पाव्हणा

काकू, काहीच नाही :) ढीग पडलेला असतो, पोरं त्यात लोळतात, काही जण गुंडाळून फुलं करतात, काही घरी नेऊन आंघोळीच्या पाण्यात टाकतात वासासाठी. माझ्या बॅगेत अजून आहे थोडं.

मिलिमीटर

छान लिहिलंय पण एक शंका, किंवा आक्षेप म्हणा. मी चाकणला क्वालिटीमध्ये आहे, दिवसभर हेच करतो. साध्या मायक्रोमीटरची लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, दहा मायक्रॉन, चांगला डिजिटल घेतला तरी एक मायक्रॉन, आणि तो मोजताना दोन्ही जबड्यांनी वस्तू दाबतो. स्टीलला फरक पडत नाही, लाकडाचं सालपट दाबलं जाणारच. मग तीन आणि चार यातला फरक हा सुताराचा की मोजणाऱ्याच्या हाताचा? आमच्याकडे असा रिपोर्ट दिला तर ऑडिटर परत पाठवेल. शिवाय उपयोग काय याचा? तीन मायक्रॉन काढून टेबल थोडंच बनतं.

चहाबाज

मिमी भाऊ तुम्ही लग्नात पण मेहूण मोजायला कॅलिपर घेऊन जाता का

ऐचीचा_पाव्हणा

@मिलिमीटर, मोजमापाचा मुद्दा रास्त आहे, तिथेही यावर वाद घालणारे भरपूर आहेत. पण यात एक गंमत आहे बघा. हिनोकीसारख्या सूचिपर्णी झाडाचं लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांसारख्या पेशी, एकेका पेशीची रुंदी साधारण २० ते ४० मायक्रॉन. म्हणजे तीन मायक्रॉनचं सालपट एका पेशीपेक्षाही कितीतरी पातळ झालं, पेशी उभी चिरली गेली. त्यामुळे इतकं पातळ सालपट उजेडात धरलं तर ते सलग दिसत नाही, जाळी दिसते, पेशींच्या भिंती तेवढ्या शिल्लक. मग याची "जाडी" म्हणजे नक्की काय, हा तुमच्याच खात्यातला प्रश्न आहे.

उपयोगाबद्दल, कुणीच तीन मायक्रॉनने घर बांधत नाही. पण तिथपर्यंत जायचं तर पात्याची धार, ठोकळ्याचा तळ, लाकडाची रेषा आणि ओढणाऱ्याचं अंग या चारही गोष्टी जुळायला लागतात, त्यातली एक जरी चुकली तरी सालपट फाटून सांगतं. आणि अशा रंध्याने मारलेला पृष्ठभाग घासलेला नसतो, कापलेला असतो. पॉलिश पेपर मारला की तंतू पिंजतात, त्यात पाणी मुरतं. चांगल्या धारेने कापलेल्या हिनोकीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो गोल उभा राहतो. जपानच्या जुन्या घरांत आणि देवळांत कित्येक खांबांवर रंग नाही, पॉलिश नाही, शेवटचा हात रंध्याचा. कारण हे आहे.

सुतारपक्षी

बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा दिसला म्हणून लॉगिन केलं. आमचं घराणं सुताराचं, कोल्हापूरकडचं. मी स्वतः आता मॉड्युलर किचनची कामं घेतो, खोटं कशाला बोलू. पण आजोबांच्या हाताखाली लहानपणी रंधा धरलाय.

पहिली गोष्ट, हिनोकी मऊ लाकूड, सरळ रेषेचं. त्याच्यावर सालपटं काढणं आणि सागवानावर काढणं यात फरक आहे. सागवानात सिलिका असते, ती धार खाते, चांगलं पातं असलं तरी थोड्या वेळात बोथट. शिसवीत तर रेषा कुठे उलटी फिरेल सांगता येत नाही, आजोबा फळी उन्हात तिरकी धरून बघायचे आणि मग ठरवायचे रंधा कुठून घालायचा. त्यामुळे तीन मायक्रॉन ऐकून "जपानी ते जपानी" असं लगेच म्हणू नये. त्यांच्याकडे सागाची चौकट द्या आणि मग मायक्रोमीटर काढा.

दुसरं, आमच्याकडे पण सगळं काम जमिनीवर बसूनच होतं. फळी पायाने धरायची, करवत हातात. लाकडी रंधा घरीच करायचे, पातं तेवढं लोहाराकडून. हे सगळं प्लायवूड आणि लॅमिनेट आल्यावर गेलं, कारण सनमायकाला रंधा मारत नाहीत, फेविकॉल लावतात. आज माझ्याकडच्या पोरांना पटाशीला धार लावता येत नाही, ती बोथट झाली की स्क्रू ड्रायव्हर म्हणून वापरतात.

आता तुम्हाला विचारायचं ते असं. पातं किती अंशात बसवलेलं असतं? वरून दुसरं दाबपातं असतं का? आणि पोलाद कसलं?

ऐचीचा_पाव्हणा

सुतारपक्षी, तुमच्यासारखा माणूस आला म्हणजे धागा सार्थकी. हिनोकीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, स्पर्धेला लाकूड निवडूनच आणलेलं असतं.

पातं साधारण ३८-४० अंशात, आपल्या लोखंडी रंध्याच्या ४५ पेक्षा जरा झोपलेलं. मऊ लाकडाला ते चालतं, कडक लाकडासाठी जास्त उभे ठेवलेले रंधे वेगळे असतात. दाबपातं असतं पण ते तिकडे उशिरा आलं, मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे. त्याआधी एकच पातं.

पोलादाचा भाग सगळ्यात भारी आहे. अख्खं पातं पोलादाचं नसतंच. वरचा जाड भाग मऊ लोखंड आणि खालच्या बाजूला पातळ थर कडक पोलादाचा, भट्टीत ठोकून एकजीव केलेला. कडक पोलाद धार टिकवतं, मऊ लोखंड दगडावर पटकन झिजतं त्यामुळे धार लावताना हात मोडत नाही. म्हणून काही लोहार मुद्दाम जुन्या बोटीच्या नांगराचं, साखळीचं लोखंड शोधत फिरतात. पोलादात "पांढरा कागद" आणि "निळा कागद" अशी नावं ऐकाल, कारखान्यातून ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून यायचं त्यावरून पडलेली. पांढरं म्हणजे स्वच्छ कार्बन पोलाद, धार लवकर आणि बारीक येते. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम घातलेलं, धार जास्त टिकते.

आणि पात्याची सपाट बाजू पूर्ण सपाट नसते, मधे उथळ खळगा असतो, त्याला उरा म्हणतात. दगडावर घासताना फक्त कडा टेकतात म्हणून सपाट करायला कमी मेहनत. पण धार लावून लावून पातं झिजलं की धार त्या खळग्यापर्यंत येऊन पोचते. मग मऊ लोखंडाच्या बाजूने हातोडीच्या कोपऱ्याने हलकेच टोकत टोकत पोलाद पुढे ढकलायचं आणि परत सपाट करायचं. एक घाव चुकीच्या जागी बसला तर पोलादाला तडा. मेळाव्यात एक लोहार हे करून दाखवत होता आणि भोवती अशी गर्दी होती की मला पायाच्या टाचा वर करून बघायला लागलं.

खुंटी

तलवारी करणाऱ्यांनीच हे रंधे करायला घेतले असं वाचलेलं, खरं का?

ऐचीचा_पाव्हणा

सगळ्यांनीच नाही, पण काहींनी घेतले. १८७६ ला तिकडे सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली, तलवारीचं गिऱ्हाईक संपलं, मग बरेच लोहार सुऱ्या, पटाश्या, रंध्याची पाती याकडे वळले. टोकियोचा चियोझुरु कोरेहिदे (१८७४-१९५७) हा अशाच तलवारवाल्या घराण्यातला, रंध्याच्या पात्यांत त्याचं नाव अजून हात जोडून घेतात. त्याचं अस्सल पातं बघायला पण मिळणं कठीण, आणि मिळालं तर किंमत विचारू नये.

पटाशी

मी पुण्यात आर्किटेक्ट आहे, जुन्या वास्तूंची दुरुस्ती हे माझं काम, त्यामुळे मला राहवेना. रंधा हे जपानमध्येही तसं "नवीन" हत्यार आहे बरं का. ठोकळ्यातला रंधा तिकडे मुरोमाची काळात रुळला, साधारण पंधराव्या शतकाच्या आसपास. त्याआधी काय, तर आधी चोना म्हणजे आपली तासणी किंवा वाकस, आणि शेवटचा हात यारीगान्नाचा. लांब दांडा आणि पुढे पानाच्या आकाराचं दुधारी पातं. त्याने लाकूड अगदी सपाट होत नाही, बारीक लाटा राहतात, आणि उजेड तिरका पडला की त्या दिसतात.

हे हत्यार मधल्या काळात जवळजवळ विसरलं गेलं होतं. नाराजवळच्या होर्यूजी देवळाचे मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८-१९९५), त्यांना तिथल्या दुरुस्तीच्या वेळी प्रश्न पडला की मूळ खांबांवर जो पोत आहे तो रंध्याने येतच नाही. मग जुन्या नमुन्यांवरून यारीगान्ना परत घडवून घेतली आणि वापरायची कशी ते स्वतः शोधलं. होर्यूजी म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या उभ्या लाकडी इमारती, सातव्या शतकातल्या. तिथल्या पाच मजली पॅगोड्याचा मधला खांब ज्या झाडाचा आहे ते ५९४ साली तोडलं, असं लाकडाच्या वर्तुळांवरून निघालंय. पुढे याच निशिओकांनी याकुशिजीचं मुख्य मंदिर (१९७६) आणि पश्चिमेचा पॅगोडा (१९८१) नव्याने उभा केला.

@ऐचीचा_पाव्हणा, मेळाव्यात यारीगान्ना चालवणारे असतात का हो?

ऐचीचा_पाव्हणा

असतात ना ताई, चोना पण चालवतात, देवळांची कामं करणारे सुतार असतात त्यातले. यारीगान्नाचं सालपट जाड आणि पीळदार निघतं, पोरं त्यावर झडप घालतात. शिवाय एक अवाढव्य रंधा असतो, वीतभराहून रुंद पात्याचा, तो दोघं-तिघं मिळून ओढतात. तो निव्वळ तमाशा, पण टाळ्या त्यालाच.

चहाबाज

मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. आपण रंधा ढकलतो, ते ओढतात. का?

पटाशी

रंध्याचं कारण छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतील, मी त्या भानगडीत पडत नाही. करवतीचं मात्र कारण सरळ आहे. ढकलताना पातं दबतं, वाकू नये म्हणून जाड करायला लागतं. ओढताना पातं ताणलं जातं त्यामुळे ते पातळ चालतं, चीर बारीक पडते, लाकूड आणि ताकद दोन्ही कमी वाया. कुसू, म्हणजे सांध्यात बसणारं लाकडाचं टोक, कापायला ती करवत हातात घेतली की परत ढकलायची नको वाटते, हा माझा अनुभव.

बाकी २०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तू जपण्याच्या कौशल्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, त्यात सुतारकामाबरोबर छप्पर शाकारणं, लाखकाम, गिलावा अशी एकूण १७ कौशल्यं आहेत. मला हेवा वाटतो तो याचा. आमच्याकडे वाड्याची तुळई कुजली तर कुजलेला भाग कापून नवा तुकडा सांध्याने जोडणारा माणूस शोधायला महिने जातात. एका कामावर तर ठेकेदाराने मला न सांगता फटीत इपॉक्सी भरून वरून रंग फासला होता, विचारलं तर म्हणे मॅडम आता दिसतंय का कुठे.

मिलिमीटर

मी परत आलोय. रात्री बसून व्हिडिओ बघितले, आणि मान्य, पेशीचा मुद्दा डोक्यात नव्हता. पण एक पकडलंय. हे लोक वाशावर आधी पाणी मारतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणतात. लाकूड ओलं केलं की मऊ पडणार, मग स्पर्धा कसली?

ऐचीचा_पाव्हणा

अहो सगळेच मारतात, तोही कौशल्याचाच भाग धरला जातो. कोरडं लाकूड इतकं पातळ निघत नाही, भुगा होतो. आणि ओलाव्याची दुसरी बाजू अशी की ठोकळा पण लाकूडच ना. सकाळी हॉल थंड, दुपारी माणसांची गर्दी, हवा बदलली की तळ हलतो. रंध्याचा तळ पूर्ण सपाट ठेवत नाहीत, तोंडापाशी आणि टोकाकडे असा दोन-तीन ठिकाणीच तो लाकडाला टेकतो, बाकीचा भाग नावापुरता खरवडलेला. ते टेकणं बिघडलं की संपलं. म्हणून दुपारनंतर बघा, निम्मे लोक रंधा मारत नसतात, तळाला पट्टी लावून उजेडाकडे धरून बसलेले असतात.

सुतारपक्षी

पोलादाचं आणि खळग्याचं वाचून मजा आली, धन्यवाद. पण तुमच्या पहिल्या पोस्टीतल्या "कला मांडून बसतात" वर मला बोलायचंय, जरा लांब होईल.

आमच्यातही कुणी शिकवत नसे. आजोबा म्हणायचे डोळे उघडे ठेव. घरातल्या पोराला ते आपोआप यायचं, बाहेरच्याला कोण कशाला दाखवेल, उद्या तोच शेजारी दुकान टाकायचा. तेव्हा लपवणं हा काही वाईटपणा नव्हता, पोटाचा प्रश्न होता. बलुतं संपलं, गिऱ्हाईक पैशाने तोलायला लागलं, तेव्हा तर जास्तच. आज तुमचे ते आजोबा मोकळेपणाने दाखवतात कारण दाखवल्याने त्यांचं काही जात नाही. माझ्याकडचा कारागीर रोजावर आहे. शनिवार-रविवार बुडवून, एसटीने दुसऱ्या गावाला जाऊन सालपटं काढायची म्हटलं तर त्याची बायको त्याला घरात घेईल का? मोकळेपणा हा पण परवडावा लागतो राव.

इरसाल_काकू

हे पटलं.

ऐचीचा_पाव्हणा

सुतारपक्षी, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत, आणि यातलं बरंचसं मी मान्य करतो. आकडेच बघा. जपानमध्ये १९८० च्या जनगणनेत सुतार नऊ लाखांच्या वर होते, २०२० मध्ये ते तीन लाखांच्या आत आले. आणि जे आहेत त्यांना रंधा लागतोच असं नाही, कारण लाकडी घरांचे सांधे आता बहुतेक सगळे कारखान्यात मशीनवर कापून येतात, साइटवर फक्त जोडायचे. म्हणजे केझुरोकाई ही भरात असलेल्या धंद्याची जत्रा नाहीये. रोजच्या कामातून रंधा सुटला म्हणून तो धरायला माणसं जमतात. मी ज्यांच्याशी बोललो त्यातला एक तरुण सुतार म्हणाला की आठवडाभर नेल गन चालवतो, इथे आलो की सुतार असल्यासारखं वाटतं. त्याच्या तोंडावर मला काही बोलता आलं नाही.

पण एक फरक मला तरीही दिसतो. तिथे लोहार, दगड विकणारा, देवळाचा सुतार, नेल गनवाला आणि माझ्यासारखा हौशी हे एका टेबलाला येतात. लोहाराला कळतं की आपलं पातं कुठे कमी पडलं, कारण वापरणारा समोर उभा राहून सांगतो. आपल्याकडे लोहार आणि सुतार शेवटचे एकत्र कधी बसले?

सुतारपक्षी

खंडेनवमीला. हत्यारं पूजेला मांडायची, लोहार नारळ घेऊन यायचा. आता मी ड्रिल मशीनला हळदकुंकू लावतो.

बसायला पाहिजे हे मात्र खरं. पीएम विश्वकर्मा योजना २०२३ ला आली त्यात अठरा धंद्यांत सुतार आहे, पंधरा हजारापर्यंत हत्यारांसाठी मिळतात, ट्रेनिंग आहे. हत्यारं आली तरी धार कोण लावून दाखवणार, तो मुद्दा उरतोच.

खुंटी

खंडेनवमीवरून आठवलं, क्योटोत कोर्यूजी देवळात दरवर्षी २ जानेवारीला चोनाची पूजा असते, सुतार जुन्या वेशात येऊन ओंडक्यावर सूत मारतात, तासणी चालवल्याचा विधी करतात, वर्षाच्या कामाची सुरुवात म्हणून. मी थंडीत कुडकुडत बघितलंय. जाणार असाल तर जाड मोजे घाला.

चहाबाज

बरं आता मुद्द्याचं. मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओसाकाला जातोय ऑफिसच्या कामाने, रंध्यातलं शष्प कळत नाही पण हा धागा वाचून चळ लागलाय. मेळावा हुकला तर काय बघू?

ऐचीचा_पाव्हणा

मग नशीबवान आहात. कोबेला ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय आहे, १९८४ चं, २०१४ पासून शिन-कोबे स्टेशनच्या जवळ आलंय, ओसाकाहून तासाभराचं काम. आत पूर्ण आकाराचा देवळाचा खांब आणि त्यावरचे ब्रॅकेट उभे केलेत, सांधे हातात घेऊन सोडवून बघता येतात. अर्धा दिवस ठेवा, मी दोन तासांत उरकू म्हणून गेलो आणि बंद व्हायच्या घंटेला बाहेर काढलं.

तिथून जवळच मिकी गाव. १५७८ ते १५८० हिदेयोशी या सेनापतीने मिकीच्या किल्ल्याला वेढा घालून गावाची राख केली, मग गाव परत उभारायला सुतार बोलावले, त्यांच्यामागे लोहार आले, आणि ते तिथेच राहिले. करवत, पटाशी, रंधा, थापी, चाकू या पाच गोष्टींसाठी मिकी प्रसिद्ध. नोव्हेंबरात तिथे हत्यारांचा बाजार भरतो, तुमच्या तारखा जुळल्या तर सोडू नका.

आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी २०३३ लक्षात ठेवा. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात, मागचं २०१३ ला झालं. त्यासाठी दहा हजारांच्या आसपास हिनोकी लागतात आणि झाडं तोडायचे विधी २०२५ लाच सुरू झालेत. वीस वर्षांचं अंतर म्हणजे एका सुताराच्या आयुष्यात दोन-तीन वेळा, एकदा शिकाऊ म्हणून, एकदा शिकवणारा म्हणून. सुतारपक्षींच्या प्रश्नाला त्यांनी काढलेलं हे एक उत्तर, पण त्याला देव आणि पैसा दोन्ही लागतात.

पुणेरी_भुगा

बरेच दिवस वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच लिहितोय. मी घरी गॅलरीत छंद म्हणून करतो, फार काही येत नाही. ऑनलाइन एक जुना कान्ना बघून ठेवलाय, ७० मिमी पात्याचा. घ्यावा का? आणि पुण्याच्या उन्हाळ्यात तो ओकचा ठोकळा टिकेल का?

ऐचीचा_पाव्हणा

घ्या, पण आधी पात्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. उरा, म्हणजे तो खळगा, धारेच्या अगदी जवळ आला असेल तर पहिल्याच दिवशी ठोकून पोलाद पुढे आणायला लागेल आणि नवख्याने त्यात पडू नये. गंज वरवरचा असला तर चालतो, धारेवर खड्डे असले तर सोडून द्या. आणि पहिले पैसे रंध्यात घालू नका, दगडात घाला. एक हजार ग्रिटचा आणि एक सहा हजार ग्रिटच्या आसपासचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा बारीकपणा, किंमत नव्हे), आणि त्यांना सपाट ठेवायला काहीतरी, कारण पाण्याचे दगड भराभर झिजतात आणि मधे खोलगट झाले की धार गोल येते. क्योटोचे नैसर्गिक दगड वगैरे डोक्यातून काढून टाका, खाणी बहुतेक बंद झाल्यात आणि भाव ऐकून झोप उडेल.

ठोकळा टिकतो, पण काळजी घ्यायला लागते. काम झालं की पातं सैल करून ठेवायचं, घट्ट ठोकलेलं ठेवलं आणि हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, पातं जाड आणि ते हलत नाही, मग ठोकळाच चिरतो. एप्रिल-मे मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात.

सुतारपक्षी

पिशवीत घालण्याआधी तेलाचा हात फिरवा, आमच्याकडे लाकडी रंध्याला हेच करायचे. आणि मे महिन्यात विकत घेऊच नका, आला की लगेच सुकायला लागेल. पावसात मागवा. तोपर्यंत घरातली सगळ्यात बोथट पटाशी घेऊन दगडावर बसा, मनगटावरचा केस निघाला की इथे फोटो टाका, पुढचं सांगतो.

पुणेरी_भुगा

पटाशी एकच आहे आणि तिने गेल्या आठवड्यात रंगाचा डबा उघडलाय.

सुतारपक्षी

तीच घ्या.